मोठ्या यंत्राचा उपासक आणि लहान मोटार

मालवणच्या बंदरांत शिरणाऱ्या तांडेलाचें लक्ष लाटांपेक्षां पाण्याखालच्या खडकांकडे अधिक असतें. सिंधुदुर्गाभोंवतीं हे खडक इतके दाट आहेत कीं, खोल बुडाच्या मोठ्या जहाजास तेथें मोकळेपणानें वावरतां येत नाहीं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजीमहाराजांनीं कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तेव्हां ही अडचणच त्यांस सोयीची वाटली असली पाहिजे. मराठी आरमाराचें पुष्कळसें बळ गलबतांवर होतें. गलबत म्हणजे सुमारें सत्तर टनांच्या आंतलें, चाळीस-पन्नास वल्ह्यांचें हलकें जहाज. त्यावर जडशीळ तोफ चढविली तर तें पहिल्याच लाटेंत नाक खुपसावयाचें. म्हणून त्यावर दोन ते चार पौंडी गोळ्याच्या लहान तोफाच असत. किती बळ चढवावयाचें हें जहाजाचा सांगाडा ठरवीत असे, गोलंदाजाची हौस नव्हे.

तीनशें वर्षांनंतर हाच प्रश्न मोटारीच्या शौकिनांपुढें निराळ्या वेषानें उभा राहिला. मालवण, कुडाळ वा सावंतवाडीच्या एखाद्या घरांत भिंतीवर अमेरिकन 'मस्टँग' गाडीचें चित्र असावें आणि अंगणांत वडिलांनीं वापरून जुनी केलेली मारुती उभी असावी, यांत नवल नाहीं. चित्रांतला जोर अंगणांतल्या गाडींत कसा उतरवावा, ही त्या घरांतील तरुणाची विवंचना. या वाटेनें पूर्वीं गेलेला एक मोठा माणूस आहे. आणि तो या वाटेस लागला तेव्हां साठीचा होता.

त्याचें नांव कॅरॉल शेल्बी. जन्म ११ जानेवारी १९२३, टेक्सास प्रांतांतील लीसबर्ग येथें. लहानपणापासून हृदय दुबळें. दुसऱ्या महायुद्धांत तो वैमानिकांस शिकवीत असे; युद्धानंतर त्यानें कुक्कुटपालन केलें, तों रोगानें कोंबड्या मेल्या आणि भांडवल बुडालें. मग तो शर्यतींकडे वळला. १९५९ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें रॉय साल्वादोरी याच्या जोडीनें जिंकली. पुढच्याच वर्षीं, जिभेखालीं औषधाची गोळी ठेवून शर्यती पळविल्यावर, हृदयरोगामुळें त्यानें चक्र खालीं ठेविलें आणि गाड्या घडविण्याचा उद्योग आरंभिला.

तो काळ अमेरिकेंत अजस्र यंत्रांचा होता. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि रुंद. मध्यम आकाराच्या गाडींत आठ सिलिंडरांचें प्रचंड यंत्र बसवावयाचें, ही त्या काळची युक्ति. १९६४ च्या 'पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ.' गाडीचें यंत्र ६.४ लिटरांचें होतें. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, म्हणूं लागले. शेल्बी या पंथाचा आचार्यच. १९६२ त त्यानें इंग्लंडमधील एका हलक्या गाडींत फोर्डचें आठ सिलिंडरी यंत्र बसवून 'कोब्रा' निर्माण केली. १९६५ त 'मस्टँग'वर संस्कार करून ३०६ अश्वशक्तीची 'जी.टी. ३५०' बाजारांत आणली. पुढें कोब्राचें यंत्र सात लिटरांवर गेलें. जोर कमी पडला तर यंत्र मोठें करावें, इतकें हें शास्त्र सोपें होतें.

१९७३ च्या तेलटंचाईनें या शास्त्राचा पाया खचला. 'मस्टँग'चा पुरस्कर्ता ली आयाकोका १९७८ त फोर्डमधून दूर झाला व दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या क्रायस्लर कंपनींत आला. कंपनीजवळ विकावयास होत्या त्या बहुतेक काटकसरीच्या गाड्या. त्यांना कांहीं तेज चढवावें म्हणून त्यानें आपल्या जुन्या सहकाऱ्यास, शेल्बीस, बोलाविलें.

त्याच्या हातीं आलेली 'डॉज ऑम्नी' ही गाडी म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याचा उपहासच होता. पेट्रोल वांचविणें हा तिचा धर्म. चार सिलिंडरांचें २.२ लिटरी यंत्र आडवें बसविलेलें, आणि त्याचा जोर मागच्या नव्हे तर पुढच्या चाकांवर. तिच्या नाकाखालीं आठ सिलिंडरांस जागाच नव्हती, आणि जागा काढली असती तरी तो भार त्या बारक्या अंगास पेलला नसता. तेव्हां यंत्र बदलण्याचा मार्ग खुंटला. उरलें काय, तर गाडीचें सारें अंग तपासणें. १९८४ च्या 'ऑम्नी जी.एल.एच.' मध्यें यंत्राची शक्ति ११० अश्वशक्तीपर्यंतच नेली. पण स्प्रिंगा ताठर केल्या, टायर रुंद घातले, ब्रेक सुधारले. या तीन अक्षरांचा इंग्रजी अर्थ थोडा शिवराळ आहे. मराठींत 'बेफाम धांवते' एवढाच भाव घ्यावा.

दुसऱ्या वर्षीं टर्बो आला. लोहाराच्या भात्याशीं त्याचें नातें आहे, पण हा भाता फुकटचा चालतो. यंत्रांतून वाया जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक लहान पंखा फिरतो आणि तो दुसऱ्या पंख्याकरवीं यंत्रांत अधिक हवा कोंबतो. अधिक हवा, म्हणून अधिक पेट्रोल जळूं शकतें. शक्ति १४६ वर गेली. परंतु दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून १९८६ च्या 'जी.एल.एच.एस.' गाडींत ती यंत्रांत शिरण्यापूर्वीं थंड करण्याची योजना केली. त्याच २.२ लिटरांतून आतां १७५ अश्वशक्ति निघाली. अशा गाड्या फक्त ५०० झाल्या. पुढच्या चाकांनींच जोर सोसावयाचा आणि वळावयाचेंही, त्यामुळें एकदम वेग दिला कीं चक्र हातांत ओढ घेई. हा दोष पुरता गेला नाहीं. तरीही त्या वर्षीं 'हॉट रॉड' मासिकानें शेल्बीची जुनी जी.टी. ३५० आणि ही लहान गाडी एकाच शर्यतमार्गावर उतरविली, तेव्हां सरशी धाकटीची झाली.

इंग्लंडमध्यें हा धडा वीस वर्षें आधींच गिरविला गेला होता. जॉन कूपर याच्या शर्यतीच्या गाड्यांनीं १९५९ व १९६० सालीं जॅक ब्रॅबमला जगज्जेतेपद मिळवून दिलें. पण त्याच्या घराण्याची पहिली लहान गाडी १९४६ त दोन जुन्या फियाट गाड्यांचे पुढचे भाग जोडून झाली होती, त्यामुळें लहान गाडीचा त्यास तिटकारा नव्हता. १९५९ त अलेक इसिगोनिस यानें 'मिनी' काढली, तेव्हां कूपरनें तिच्यांतलें मर्म ओळखलें. इसिगोनिसास ही कल्पना रुचली नाहीं. त्याच्या दृष्टीनें ती गरिबाची गाडी होती. अखेर १९६१ त 'मिनी कूपर' निघाली. यंत्र ८४८ घन सेंटिमीटरांवरून ९९७ वर नेलें, एकाच्या जागीं दोन कार्बुरेटर दिले, ३४ अश्वशक्तीच्या ५५ झाल्या. आणि त्याच वेळीं पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक बसविले. १९६४ च्या माँटे कार्लो शर्यतींत पॅडी हॉपकर्कची मिनी पहिली आली आणि आठ सिलिंडरांची फोर्ड फाल्कन दुसरी. नियमांत लहान यंत्रास सवलत होती, हें सांगितलें पाहिजे. पण बर्फाळ घाटांतील वळणें कांहीं नियमांनीं सोपीं होत नाहींत.

घाट म्हटला कीं कोंकणाकडे परत यावें लागतें. मालवणाकडून करूळ घाटानें गगनबावडा चढलें कीं कोल्हापूर, आणि त्यापलीकडे इचलकरंजी. तेथें शंकरराव कुलकर्णी या अल्पशिक्षित कारागिरानें १९४० नंतरच्या दशकापासून सुमारें तीस वर्षें 'मीरा' नांवाच्या लहान मोटारीवर आयुष्य वेंचलें. पोलादी स्प्रिंगांऐवजीं रबराचा उपयोग करण्यापर्यंत त्याची बुद्धि धांवली. पण मीरा कधीं बाजारांत आली नाहीं. लहान गाडी घरोघरीं गेली ती १४ डिसेंबर १९८३ पासून, मारुती ८०० च्या रूपानें. ७९६ घन सेंटिमीटर, तीन सिलिंडर, चाळीसच्या आंतबाहेर अश्वशक्ति, आणि वजन सातशें किलोंहून कमी. २०१४ च्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. सिंधुदुर्गाच्या तांबड्या धुळींत ती अजून दिसते.

भिंतीवरच्या चित्राकडे पाहणारा तरुण पहिला हात घालतो तो बहुधा धुराच्या नळीस. आवाज वाढतो, जोर होता तेथेंच राहतो. आंबोलीच्या उतारावर, पावसांत, चार माणसें आंत बसलेलीं असतां त्या आवाजाचा काय उपयोग? शेल्बी आणि कूपर या दोघांनींही जोराबरोबरच थांबण्याची सोय केली होती, आणि त्यांच्या गाड्या कारखान्याच्या नांवानें, तपासल्या जाऊन बाहेर पडल्या. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ घडणींत मालकानें मनमानी फेरफार करण्यास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ उचलून धरला. स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक मूळ मापाचे व नव्यासारखे ठेवणें, कार्बुरेटर नीट जुळविणें, अंगावरचें फुकट ओझें उतरविणें, एवढें मात्र कोणासही करतां येतें. आणि थकलेल्या मारुतीस त्यानें जो फरक पडतो, तो चालविणाऱ्यास पहिल्याच चढावर कळतो.

जुनी आवड मात्र सहजीं सुटत नाहीं. जून १९९० मध्यें शेल्बीस दुसऱ्याचें हृदय बसविण्यांत आलें. त्यानंतर वर्ष पुरें होण्याच्या आंत, मे १९९१ मध्यें, इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीच्या आरंभीं स्पर्धकांच्या पुढें चालणारी गाडी त्यानें स्वतः चालविली. ती ऑम्नी नव्हती. क्रायस्लरची नवी 'व्हायपर' होती, आणि तिच्यांत आठ लिटरांचें, दहा सिलिंडरांचें यंत्र होतें.