पितळेचें पातेलें आणि आईची साक्ष

वैद्याची कीर्ति लोक त्याच्या औषधांवरून ठरवितात, आणि विशेषज्ञाची तर त्याच्या यंत्रांवरून. पोटाच्या व यकृताच्या विकारांचा तज्ज्ञ म्हटला कीं, नळीनें जठरांत डोकावणारा किंवा सुईनें यकृताचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणारा असा कोणी डोळ्यांपुढें उभा राहतो. हीं साधनें थोर आहेत यांत शंका नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत यकृताच्या एका भयंकर रोगाचा उलगडा होण्यास पुण्याच्या डॉक्टरांनीं जो हातभार लावला, त्याची हकीकत वाचली म्हणजे निराळेंच वाटूं लागतें. रोग्याच्या माणसांना प्रश्न विचारणें आणि त्यांचें उत्तर मन लावून ऐकणें, हें या विद्येचें सर्वांत जुनें साधन अद्याप बोथट झालेलें नाहीं.

वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगास ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असें नांव आहे. घरोघर मात्र ‘मुलाला लिव्हर झालें’ एवढेंच म्हणत, आणि तेवढ्यानेंच ऐकणाराचा चेहरा उतरे. बहुधा एक ते तीन वर्षांचें, चांगलें गुटगुटीत मूल किरकिर करूं लागे, पोट फुगे, उजव्या बरगडीखालीं हात लावला तर यकृताची कड धारदार आणि दगडासारखी कठीण लागे. पुढें कावीळ, जलोदर, आणि कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत शेवट. १८८७ सालीं कलकत्त्याच्या सेन नांवाच्या डॉक्टरांनीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षें निदान होत राहिलें, खरा उपाय कांहीं सांपडला नाहीं. मद्रासच्या जम्मींच्या ‘लिव्हर-क्युअर’चें नांव दूरवर गाजलें होतें, बुडत्या आईबापांना तो काडीचा आधार वाटे.

रोगाची एक रीत विशेष क्रूर होती. एकाच घरांत एकामागून एक दोन-तीन मुलें तो नेई. शिवाय गरिबाच्या झोंपडीपेक्षां खेड्यापाड्यांतील खाऊनपिऊन सुखी घरांत त्याचा वावर अधिक. तेव्हां कोणी कुळाचा दोष म्हणे, कोणी आईच्या दुधाचा. डॉक्टरांनाही रक्तांतच कांहीं खोट असावी असा संशय येई. या तर्कांतून औषध तर निघालें नाहींच. परंतु ज्या बाईचें मूल गेलें तिच्या माथीं आणखी एक कलंक मात्र बसला.

१९७८-७९ च्या सुमारास लंडन आणि न्यूयॉर्क येथील यकृताच्या अभ्यासकांनीं अशा मुलांच्या यकृताचे तुकडे विशेष रंगद्रव्यें लावून तपासले, तेव्हां पेशींत तांब्याचे कण खच्चून भरलेले दिसले. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम शुष्क भारांत सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबें असतें. या मुलांत तें शेंकड्यांनीं, पुष्कळदां हजारांनीं मोजावें लागे. परंतु हें तांबें रोगाचें कारण कीं रोगाचा परिणाम? आणि कारण असेल तर तें आलें कोठून? या प्रश्नाचें उत्तर सूक्ष्मदर्शकांत नव्हतें. तें स्वयंपाकघरांत होतें.

पुण्यास रास्ता पेठेंत १९१२ सालीं स्थापन झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे. १९४४ सालीं डॉ. बानू कोयाजी तेथें आल्या आणि त्या लहानशा प्रसूतिगृहाचें पुढें मोठें रुग्णालय झालें. चाकणहून शिक्रापूरकडे जातांना ज्याचा परिसर लागतो त्या वढू गांवींही या संस्थेनें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. याच रुग्णालयांतील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं, बालकांच्या यकृतविकारांचे इंग्रज अभ्यासक डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्यानें, या मुलांच्या आहाराचा इतिहास तपासावयास घेतला. प्रश्न अगदीं घरगुती होते. वरचें दूध कोणत्या महिन्यापासून? तें कशांत तापवितां? कशांत ठेवतां? १९८३ सालीं त्यांचा पहिला निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्यें आला. पुढें १९८७ सालीं रोगी मुलें आणि त्यांच्याच जोडीचीं निरोगी मुलें यांची तुलना प्रसिद्ध झाली. रोगी मुलांना गाईम्हशीचें दूध लवकर सुरू झालें होतें, आणि त्यांच्या घरीं तें पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविण्या-ठेवण्याची चाल कितीतरी अधिक होती.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें मिश्रण. कल्हई उडालेल्या पातेल्यांत दूध तापवून तसेंच ठेवलें, म्हणजे दुधांतील केसीन हें प्रथिन तांबें धरून ठेवतें. अंगावरच्या दुधांत तांबें फार थोडें असतें. शरीरांतील जादा तांबें पित्तावाटे बाहेर पडतें. परंतु तान्ह्या मुलाच्या यकृतांत जन्मतःच त्याचा सांठा असतो आणि तें बाहेर टाकण्याची शक्ति अजून कच्ची असते. सुखवस्तु घर कां सांपडलें याचाही उलगडा येथें होतो. वरचें दूध मुबलक, आणि लेकीच्या लग्नांत दिलेलीं पितळेचीं भांडीं फळीवर झळकत असलेलीं! जी आई पातेलें घासूनपुसून लख्ख ठेवी, तीच नकळत कल्हईचा पडदा लौकर झिजवीत असली पाहिजे.

आतां हें सत्य त्या आईला सांगावयाचें कसें? डॉक्टराच्या विद्येची परीक्षा येथें संपते आणि माणुसकीची सुरू होते. ‘तुमच्या हातच्या दुधानें हें झालें,’ असें उच्चारलें तर तें वाक्य ती जन्मभर विसरणार नाहीं. आणि न सांगावें तर पुढचें मूल त्याच पातेल्यांतलें दूध पिणार. मला वाटतें, या शोधाचें खरें मोल असें कीं, त्यानें दोष आईच्या कुशीवरून काढून भांड्यावर ठेवला. घराण्याचा शाप म्हणून जें भोगलें जात होतें, तें चुलीवरून उतरवून ठेवतां येण्याजोगें झालें. शिवाय हें ज्ञान जिच्या जबानींतून मिळालें ती याच प्रश्नांना खरीं उत्तरें देणारी आई होती. उलटतपासणी होते आहे असें तिला वाटलें असतें, तर पातेल्याची गोष्ट तिच्या तोंडून निघती ना.

रोग जडलेल्या मुलांसाठींही एक औषध उपयोगी पडलें: पेनिसिलामाइन. पेनिसिलिन घेतलेल्या रुग्णाच्या लघवींत सांपडलेलें हें द्रव्य शरीरांतील तांबें पकडून बाहेर काढतें, हें डॉ. जॉन वॉल्श यांनीं १९५६ मध्यें दाखविलें. ज्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलिन निघूं लागलें, तिच्यापासून कांहीं कोसांवर, त्या मूळ औषधाच्या या भावंडानें मुलें वांचावीत हा योग मनांत भरण्यासारखा आहे. रोग फार पुढें गेलेला असल्यास यश थोडें. वेळेवर आलेलीं मुलें मात्र जगलीं, आणि पुढें औषध बंद करूनही अनेक वर्षें निरोगी राहिलीं, असें पुण्याच्या डॉक्टरांनीं १९९६ सालीं नोंदविलें.

एक शंका उरते ती झांकून ठेवणें बरें नव्हे. पितळेच्या भांड्यांतलें दूध प्यालेलें प्रत्येक मूल कांहीं आजारी पडलें नाहीं. तेव्हां उपजत दुबळेपणाचाही कांहीं वांटा असावा. पण ऑस्ट्रियांतील टायरोल प्रांताची हकीकत पाहा. तेथें १९०० ते १९७४ या काळांत १३८ मुलांस असाच रोग झाल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेथेंही तांब्याच्या भांड्यांतील गाईचें दूधच होतें. भांडीं बदललीं आणि रोग गेला. म्हणजे ‘इंडियन’ हें विशेषण रोगाचें नव्हतें, भांड्याचें होतें.

आपल्याकडेही १९९० नंतर हा रोग दुर्मिळ झाला. सगळें श्रेय डॉक्टरांचें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि मागाहून चाकण येथें कारखाने उभे राहिले, महिन्याचा पगार घरांत आला, आणि त्याबरोबर स्टीलचीं पातेलीं आलीं. पितळेचीं मोडींत गेलीं. असेंच इतरत्रही झालें असावें. डॉक्टरांनीं या बदलास कारण सांगितलें आणि मागें राहिलेल्यांना सावध केलें. आज जुन्या भांड्यांची आवड पुन्हां वाढत आहे. ती खुशाल वाढो. तान्ह्या मुलाचें दूध मात्र त्यांत तापवूं वा ठेवूं नये, एवढें स्मरण असावें.

आज यकृताच्या तज्ज्ञाकडे जाणारा रोगी तपासण्यांच्या कागदांची जाड पिशवी घेऊन बसतो, आणि डॉक्टरही ती वाचण्यांत गुंततो. कागद वाचावेत, पण पिशवी बाजूला ठेवून ‘घरीं काय शिजतें, कशांत शिजतें?’ एवढें विचारण्यास किती वेळ लागतो? एका रोगाचें उत्तर नव्वद वर्षें फळीवर लख्ख घांसून ठेवलेलें होतें. कोणी विचारण्याचीच काय ती खोटी होती.