कर्नलमधील स्मृतिवाटप आणि कॅश लाइनची सीमा

प्रोसेसरचा वेग वाढत गेला आणि मुख्य स्मृती मागे पडू लागली, तेव्हा दोहोंमध्ये एक लहान पण जलद स्मृती बसवण्याची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली. या स्मृतीला पुढे कॅश हे नाव रूढ झाले. कॅशमध्ये माहिती सुट्या बाइटने नव्हे, तर ठरावीक लांबीच्या सलग तुकड्यांनी ये-जा करते. अशा तुकड्याला कॅश लाइन म्हणतात. इंटेलच्या ४८६ मध्ये ती १६ बाइटची होती, पेंटियममध्ये ३२ बाइटची झाली आणि आज बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटची असते.

कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, चालू असताना लागेल तशी स्मृती मागत असतो. बीएसडी युनिक्ससाठी मॅक्यूसिक आणि कॅरल्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली वाटपपद्धत प्रत्येक लहान मागणी दोनच्या पुढच्या घातापर्यंत वाढवून देत असे. तीनशे बाइटना पाचशे बारा देण्यातली उधळपट्टी उघड होती. तिच्यातला सूक्ष्म दोष मात्र सन मायक्रोसिस्टीम्सच्या जेफ बॉनविक यांनी १९९४ च्या निबंधात उलगडून दाखवला. आयनोड, म्हणजे कर्नलने ठेवलेली फाइलची नोंद, सुमारे ३०० बाइटची असून तिची पहिली ४८ बाइटच वारंवार वाचली जातात, असे धरले आणि प्रत्येक आयनोड ५१२ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवला, तर सगळा भार कॅशच्या त्याच त्या मोजक्या ओळींवर पडतो आणि आयनोडांच्या वाट्याला कॅशचा जेमतेम ९ टक्के भाग येतो. संरेखन, म्हणजे पत्ता ठरावीक सीमेवर आणून बसवणे, गुणकारी समजले जात होते. इथे त्याचाच अतिरेक नडला. बॉनविक यांच्या स्लॅब पद्धतीत एकाच प्रकारच्या वस्तू एका स्लॅबमध्ये, म्हणजे सलग पानांच्या गटात, ओळीने बसत आणि प्रत्येक नव्या स्लॅबची सुरुवात थोडी सरकवली जाई. या सरकवण्याला त्यांनी रंगयोजना म्हटले.

लिनक्सने ही रचना नव्वदच्या दशकातच उचलली आणि वस्तू कॅश लाइनच्या सीमेवर बसवण्याची खूणही वाटपात ठेवली. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांत तिला वेगळेच महत्त्व आले, कारण दोन प्रोसेसर एकाच लाइनवरच्या दोन असंबद्ध वस्तू बदलत राहिले, तर ती लाइन दोघांच्या कॅशमध्ये व्यर्थ फेऱ्या मारते. क्रिस्टोफ लॅमेटर यांच्या २००७ मधील स्लब पद्धतीने रंगयोजना सोडली, सीमेची खूण मात्र राखली.

एआरएमच्या ६४ बिट यंत्रांत प्रश्न वेगाचा नसून अचूकतेचा होता: उपकरण प्रोसेसरला वगळून थेट स्मृतीत लिहीत असेल आणि त्याच लाइनवर शेजारी दुसरी वस्तू असेल, तर कॅश रिकामी करताना कोणाची तरी माहिती पुसली जाते. म्हणून तेथे लहानातली लहान मागणीही १२८ बाइटच्या सीमेवर बसवली जाई, आणि आठ बाइटसाठी १२८ मोजण्याची ही किंमत दीर्घकाळ निमूटपणे सोसली गेली. लिनक्सच्या २०२३ मधील ६.५ आवृत्तीत ही किमान मर्यादा ८ बाइटपर्यंत उतरली; गरज पडेल तेव्हा उपकरणाची माहिती सुरक्षित सीमेवरच्या वेगळ्या जागेतून नेण्याची सोय तिच्यासोबत करावी लागली.