मिल ग्रोव्ह आणि रुपेरी धाग्याची कथा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या वायव्येस, पर्कियोमेन नावाचा मोठा ओढा स्कूलकिल नदीस मिळतो. संगमाजवळच्या उंचवट्यावर १७६२ मध्ये बांधलेले एक दगडी घर असून भोवती वनराई आहे. ही मिळकत माँटगोमेरी परगण्याने १९५१ मध्ये विकत घेतली. आज तेथे संग्रहालय व निसर्गकेंद्र आहे. ‘मिल ग्रोव्ह’ हे तिचे नाव इंग्रजी आहे. ओढ्याचे नाव मात्र तेथील मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आलेले आहे. वसाहतींच्या प्रदेशात असे वारंवार आढळते. घरांची नावे नवागत ठेवतात, पण पाण्याची नावे बहुधा जुनीच टिकतात.

या स्थळाची कीर्ती पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्यूबॉन याच्यामुळे आहे. त्याचा पिता झाँ ऑड्यूबॉन हा फ्रेंच नाविक. सँ-दोमिंग बेटावर त्याचा उसाचा मळा होता आणि गुलामांच्या व्यापारातही त्याचा हात होता. त्याने ही मिळकत १७८९ मध्ये घेतली, आणि दोनच वर्षांनी त्या बेटावर गुलामांचा उठाव झाला. ओढ्याकाठच्या या शांत घरात गुंतलेला पैसा कोठून आला, हे यावरून उघड आहे. नेपोलियनची सैन्यभरती टळावी म्हणून पित्याने अठरा वर्षांच्या मुलास १८०३ मध्ये येथे धाडले.

येथील गुहेत घरटे करणाऱ्या ‘फीबी’ पक्ष्यांच्या पिलांच्या पायांस आपण रुपेरी धागा बांधला, व पुढील वर्षी त्यांतील दोन पक्षी त्याच परिसरात पुन्हा आढळले, असे ऑड्यूबॉनने सुमारे तीस वर्षांनंतर लिहिले. अमेरिकेतील पक्ष्यांना खूण बांधण्याचा हा पहिला प्रयोग, असे पुढे ग्रंथोग्रंथी नोंदले गेले. प्रयोगाचे वर्ष १८०४ मानतात. तथापि १८०५ च्या वसंत ऋतूत, म्हणजे पक्षी परतावयाच्या वेळी, ऑड्यूबॉन फ्रान्सला गेलेला होता. तो परतला १८०६ मध्ये. मॅथ्यू हॅली या अभ्यासकाने २०१८ मध्ये हा विरोध सविस्तर मांडला. शिवाय या जातीची पिले मोठेपणी जन्मस्थळी क्वचितच परततात, त्यामुळे दोन पक्ष्यांचे परतणे मुळातच असंभाव्य ठरते. आमच्या मते कथेचा उत्तरार्ध इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. धागा बांधलाच नसेल, असे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. ऑड्यूबॉनने आपल्या ग्रंथात या पक्ष्यास ‘पीवी’ म्हटले आहे. ‘पीवी’ व ‘फीबी’ ही दोन्ही नावे पक्ष्याच्या आवाजावरून पडलेली, आपल्या टिटवीसारखी. पुढे ‘फीबी’चे लेखन ग्रीक पुराणातील एका देवतेच्या नावाप्रमाणे होऊ लागले, आणि वरवर पाहणाऱ्यास ते नाव पौराणिक भासू लागले. रुपेरी धाग्याचेही असेच काहीसे झाले असावे. गुहेपाशी केलेले निरीक्षण खरे असण्याचा पुष्कळ संभव आहे; त्यावर चढलेला साज नंतरचा.

ऑड्यूबॉनचा येथील मुक्काम अल्पच ठरला. मिळकत १८१३ मध्ये सॅम्युएल वेदरिल याने घेतली, ती पक्ष्यांसाठी नव्हे, जमिनीतील शिशासाठी. फीबी पक्षी आजही पुलांखाली व घरांच्या वळचणीस घरटी करतात, आणि पर्कियोमेनच्या काठी हिंडणाऱ्यास त्यांचा आवाज वसंतात सहज ऐकू येतो.