पिस्तुलाची पकड

पिस्तुलाची पकड म्हणजे नेम धरल्यापासून गोळी सुटून तिचा धक्का ओसरेपर्यंत पिस्तूल हातात धरून ठेवण्याची रीत. पकड किती घट्ट आहे यापेक्षा ती प्रत्येक गोळीला तशीच राहते का, हे नेमबाजीत अधिक महत्त्वाचे ठरते.

पिस्तुलाची नळी मुठीच्या वर असते. त्यामुळे धक्का सरळ मागे येत नाही. तो पिस्तुलाचे तोंड वर उचलतो. गोळी नळीत असतानाच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणूनच नेम तोच असूनही पकड सैल किंवा तिरकी झाली, की गोळी दुसरीकडे लागते. सुमारे 8 ग्रॅमची 9 मिमी. गोळी सेकंदाला 350 मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तिचा धक्का .22 इंची गोळीच्या तिपटीहून अधिक असतो. धक्का हलका असला तरी चूक लहान राहत नाही. नेम जुळवण्याच्या पुढच्या व मागच्या खुणांमध्ये, म्हणजे साइटमध्ये, 220 मिमी. अंतर असलेल्या पिस्तुलाची पुढची साइट 1 मिमी. सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंमी. बाजूला जाते. 25 मीटर पिस्तूल प्रकाराच्या अचूकतेच्या फेरीतील लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 5 सेंमी. व्यासाचे असते, एवढ्या चुकीने गोळी सहाच्या कड्यात पडते.

पकड घेताना अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला, पिस्तुलाची रचना परवानगी देईल तितकी वर बसवतात. हात नळीच्या जितका जवळ, तितकी उसळी कमी. मात्र सरकणाऱ्या स्लाइडच्या वाटेत हात येता कामा नये. नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत येतात, मनगट ताठ राहते. जोर मुख्यतः मधले बोट व अनामिका यांचा असतो आणि तो पुढून सरळ मागे पडतो. अंगठा व करंगळी नुसती टेकलेली असतात. ती आवळली की तर्जनीबरोबर सारी मूठ मिटते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी डावीकडे खाली जाते. नवशिक्यांत हा दोष फार आढळतो. तर्जनी मुठीपासून मोकळी राहून ट्रिगर सरळ मागे ओढते. नेम धरेपर्यंत ती ट्रिगरबाहेरच ठेवायची असते. हात थरथरू लागला, तर पकड गरजेपेक्षा घट्ट झाली असे समजावे.

ऑलिंपिकमधील पिस्तूल प्रकारांत एकाच हाताने नेम धरावा लागतो. मनगटाला आधार देणारी मूठ चालत नाही, पण तळहाताच्या आकाराप्रमाणे घडवलेली लाकडी मूठ चालते. महिलांच्या 25 मीटर प्रकारातील वेगवान फेरीत लक्ष्य 3 सेकंदच समोर येते आणि तेवढ्यात खाली धरलेला हात उचलून गोळी झाडायची असते. तिथे पकड सुधारायला वेळच नसतो. 2018 च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. पकड ही शिकण्याची गोष्ट आहे, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा. 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नव्याने सराव केला आणि 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके जिंकली.

दोन्ही हातांची पकड पोलीस प्रशिक्षणात आणि वेगाच्या स्पर्धांत वापरतात. दुसऱ्या हाताची बोटे पहिल्या हाताच्या बोटांवर बसतात, त्याचा तळवा मुठीची रिकामी बाजू भरतो आणि दोन्ही अंगठे लक्ष्याच्या दिशेने राहतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परगण्यातील पोलीस अधिकारी जॅक वीव्हर यांनी एक हात पुढे ढकलण्याची व दुसरा मागे ओढण्याची पद्धत रूढ केली. पुढे दोन्ही हात सारखे लांबवून धरण्याची पद्धत स्पर्धांत वरचढ ठरली. रिव्हॉल्व्हरला पुढे काढलेले अंगठे धोक्याचे असतात, कारण फिरते चक्र आणि नळी यांमधल्या फटीतून तप्त वायू बाहेर पडतो.

पकड पक्की होते ती रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाने. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरतात, डोळे मिटून पकड घेतात, हात लक्ष्याच्या उंचीवर आणतात आणि मग डोळे उघडतात. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली, तर पकड बरोबर. ती बाजूला दिसली, तर मनगट वाकवून जुळवायची नसते. हात खाली घेऊन मूठ पहिल्यापासून पुन्हा धरतात.