फराहबागेचे कारंजे आणि परसबागेचे फवारे

मित्रहो, अहमदनगरातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, आपण आग्नेयेच्या बाजूला निघालात की गावाबाहेर एक मोठी पडकी इमारत लागते. आकार अष्टकोनी, बांधणी दुमजली, आणि मधोमध उंच घुमटाचा दिवाणखाना. हीच फराहबाग. ती एका प्रशस्त तलावाच्या मध्यभागी बांधली होती, आणि दिवाणखान्याच्या मधोमध कारंजाचा हौद होता. आज तेथे गेल्यावर पाण्याऐवजी पारव्यांचा आवाज ऐकू येतो. शाळेची सहल घेऊन जाणारे गुरुजी मुलांना साल सांगतात, १५८३, आणि पुढे निघतात. मी मात्र आपल्याला थोडे थांबवून घेणार आहे, कारण या इमारतीला बांधणाऱ्यांच्या निवडीचा एक मोठा इतिहास आहे आणि तो प्रत्येक घरमालकाच्या कामाचा आहे.

मुर्तझा निजामशहा पहिला याच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) हे काम चालू होते. आरंभ चंगीझखान या वजिराने केला. त्याच्या मृत्यूनंतर ते नियामतखानाकडे आले. नियामतखानाने पुरे केलेले काम सुलतानाच्या पसंतीस उतरले नाही. मग ते पाडले गेले आणि सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुन्हा नव्याने उभारले गेले. एका बागमहालासाठी तीन माणसे आणि दोनदा बांधकाम! सुलतानाच्या खजिन्याला हा खर्च सोसला. तुम्हांआम्हांला मात्र एकदा घातलेली फरशी उचलायची म्हटली तरी पोटात गोळा येतो.

हा सलाबतखान म्हणजे तोच, ज्याची कबर पाथर्डी रस्त्यावरच्या शहाडोंगरावर आहे आणि जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीचा त्या इमारतीशी संबंध नाही, पण लोकांनी एकदा नाव ठेवले की इतिहासाच्या प्राध्यापकाचे कोण ऐकतो!

आता कारंजाकडे येऊ. त्या काळी पंप नव्हता, वीज नव्हती. मग पाणी वर उडत कसे होते? उत्तर नगरच्या खापरी नळांत आहे. शहराभोवतालच्या उंच बाजूच्या गावांकडून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून, भाजलेल्या मातीच्या नळांतून पाणी शहरात आणि बागांत आणले जाई. नळ चुन्याच्या बांधकामात पक्के बसवलेले असत. पाणी उंचावरून निघाले आणि बंद नळातून आले, तर टोकाला ते आपल्या मूळ पातळीच्या जवळपास चढू पाहते. कारंज्याचे सारे रहस्य एवढेच. म्हणून ज्याला हे काम द्यायचे, त्याला आधी उतार मोजता आला पाहिजे. दगडावर सुंदर नक्षी काढणारा पुष्कळ मिळेल; चार कोसांत पाण्याने किती हात उंची गमावली हे सांगणारा विरळा.

पेशव्यांनी पुण्यात केलेली योजनाही अशीच. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणले. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा. मला या उच्छ्वासांचे मोठे कौतुक वाटते. ज्याने ते बांधले त्याने कबूल केले होते की आपले काम कधीतरी तुंबणार आहे, आणि तुंबल्यावर कोणीतरी दुरुस्त करणार आहे. आजच्या किती ठेकेदारांना हे कबूल करवते?

गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने दिलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. ज्या शिक्षकांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवावे. मोटेची लाकडे सुताराने करावीत, चामडे चांभाराने शिवावे, आणि मोबदला सुगीला बलुत्याच्या रूपाने घ्यावा, अशी ती रीत. चाक वाकडे बसले तर सुतार जाणार कोठे? उद्या सकाळी तो त्याच पारावर भेटणार. त्याची जमानत कागदावर नव्हती, त्याच्या घराच्या उंबऱ्यात होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात जन्माने माणूस कामाला जखडलेला होता आणि मान कोणाला, कष्ट कोणाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण कारागीर उद्याही भेटेल ही खात्री होती, हे नाकारता येत नाही.

पुढे इंग्रजी अमलात सरकारी बांधकामाचे खाते आले आणि ठेकेदार ही नवी असामी गावात शिरली. तो परगावचा, त्याला पारावर शोधून उपयोग नाही. म्हणून मोजमापाची वही, लेखी करार, अनामत रक्कम आणि काम पाहून हप्त्याहप्त्याने पैसे, हे सारे सरकारने अंगीकारले. आपल्या अकोले तालुक्यातले भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले ते याच कागदी शिस्तीच्या जमान्यात. गंमत पाहा, सरकार परक्या माणसावर विश्वास टाकायला तयार नव्हते, म्हणून त्याने वही ठेवली. आपण मात्र विसार देतो, चहा पाजतो, आणि वही ठेवणे हा समोरच्याचा अपमान समजतो.

आता मुद्द्याची गोष्ट. झाडांवर पावसासारखे पाणी उडवणारे फवारे, ज्यांना आपण तुषार सिंचन म्हणतो, ते फार जुने नाहीत. पाण्याच्याच धक्क्याने टकटक करीत गोल फिरणारा फवारा कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या शेतकऱ्याने १९३३ साली तयार केला. आज आपल्या जिल्ह्यात कांद्या-हरभऱ्याच्या वावरांत तो दिसतो, आणि अलीकडे घराभोवतीच्या बागेतही. वावरात संच बसवताना सरकारी अनुदानाची सोय आहे. ते घ्यायचे असेल तर पूर्वसंमतीचा कागद हातात पडण्याआधी खरेदी करू नये, एवढे जाता जाता सांगतो. घरच्या बागेला अनुदान नाही. तेथे तुम्ही आणि ठेकेदार दोघेच.

मी स्वतः यात फसलो, म्हणून हे व्याख्यान. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. नगरच्या एका वसाहतीत आम्ही घर बांधले तेव्हा त्यांनी पाठीमागच्या सहा गुंठ्यांत पेरू, डाळिंब, शेवगा, मेथी-कोथिंबिरीचे वाफे असे पुष्कळ लावले. रोज पहाटे बादल्या भरून पाणी घालीत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. बादली उचलायची नाही असे डॉक्टरांनी बजावले, आणि वैशाखात डाळिंबाची पाने गळू लागली. ते खिडकीशी बसून ती मोजीत. बोलत काही नसत.

मी घाईने एक माणूस गाठला. त्याचे नाव सांगत नाही. त्याच्याकडे रंगीत चित्रांचे पुस्तक होते. बागेत एक चक्कर मारून त्याने आठ फवारे सांगितले, उक्ते काम ठरवले आणि निम्म्याहून अधिक रक्कम आधी घेतली. दोन दिवसांत नळ गाडले, माती लोटली, गच्चीवरच्या टाकीला जोड दिला आणि तोटी उघडली. फवाऱ्यांतून लाळ गळावी तसे पाणी गळले. ‘‘साहेब, नवीन आहे, थोडे वापरात येऊ द्या,’’ असे म्हणून तो जो गेला, तो पुढे फोनवरही भेटला नाही.

चूक कोठे होती हे मला, खापरी नळांवर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला, कळायला हवे होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक किलोचा दाब मिळतो. आमच्या टाकीतले पाणी जमिनीपासून साडेचार मीटरवर. म्हणजे अर्धा किलोही नाही. आणि त्या फवाऱ्याला हवे होते दोन किलो! निजामशाहीतला गवंडी हे पाहून हसला असता.

नंतर राहुरीकडचा एक माणूस आला. एका सहकाऱ्याच्या बागेत त्याने चार वर्षांपूर्वी केलेले काम मी आधी जाऊन पाहिले, तेही मे महिन्यात. नवीन काम सगळेच चांगले दिसते. चार उन्हाळे गेलेले काम पाहावे. त्या घरातल्या काकूंना मी एकच विचारले, बिघडल्यावर तो येतो का? त्या म्हणाल्या, ‘‘येतो, पण बडबड फार करतो.’’ मला तेवढे पुरले.

आमच्याकडे येताच त्याने चित्र दाखवले नाही. बादली मागितली. कूपनलिकेची मोटार चालू करून पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिले. तीस सेकंद. मिनिटाला तीस लिटर, तासाला अठराशे. मग दाबाचे घड्याळ लावून पाहिले. एक फवारा तासाला सहाशे लिटर घेणारा, म्हणजे हिशेबाने एकावेळी तीन चालावेत. तो म्हणाला, ‘‘दाबाखाली पाणी कमी पडतं, सर. दोनच धरू. चार भाग करू, चार व्हॉल्व्ह बसवू.’’ नंतर त्याने विचारले, मे महिन्यात पाणी किती वेळ टिकते, पाणी क्षाराचे आहे का, वारा कोणत्या बाजूने येतो. पेरूच्या बुंध्याशी फवारा नकोच, तेथे ठिबक घालू, असेही त्यानेच सुचवले. फवारे कमी विकले जातील हे ठाऊक असून!

शिक्षक मित्रहो, आपण मुलांना शिकवतो ना, की चांगला विद्यार्थी त्याच्या प्रश्नांवरून ओळखावा? ठेकेदाराचेही तसेच आहे. जो पाणी न मोजता भाव सांगतो, त्याने भाव आपल्या खिशाकडे पाहून सांगितला असे समजावे.

पहिल्या अनुभवाने मी शहाणा झालो होतो. नळाचा व्यास, फवाऱ्यांची संख्या, गाळणी, भारतीय मानक संस्थेची खूण, सारे एका कागदावर लिहून घेतले आणि दोघांनी सह्या केल्या. (शेतासाठी जे जोडनळ घेतात त्यांवर आय. एस. १४१५१ हा क्रमांक छापलेला असतो. तो पाहून घ्यावा.) पैसे तीन वेळा द्यायचे ठरले: माल आल्यावर, नळ टाकल्यावर, आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतर पंधरा दिवसांनी. त्याने कुरकुर केली नाही. अडवले ते त्याने मलाच, दुसऱ्या बाबतीत. मी चर बुजवा म्हणालो, कारण पाहुणे येणार होते. तो म्हणाला, ‘‘पाणी सोडून एक रात्र बघू. पाहुण्यांना उडी मारायला सांगा.’’ सकाळी एका सांध्याशी ओल दिसली. चर बुजवला असता तर ती आम्हांला दोन वर्षांनी, बिलात दिसली असती.

गाडलेल्या नळांचा नकाशा त्याने कंपासपेटीतल्या पट्टीने काढून दिला. भिंतीपासून किती फूट, कोठे वळण, कोठे व्हॉल्व्ह. तो आम्ही मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. नगरच्या खापरी नळांचा असा संपूर्ण नकाशा आज आपल्या हाती असता तर रस्ते खणताना किती नळ वाचले असते, असे मला दरवेळी ती पेटी उघडताना वाटते.

चाचणीच्या दिवशी वडिलांनी घरातले बारा सारखे डबे मागवले. खुर्चीवर बसून ते वाफ्यांत कोठे कोठे ठेवायचे हे नातवाला काठीने दाखवले. प्रत्येक भाग अर्धा तास चालवल्यावर पट्टी बुडवून त्यांनी आकडे वहीत लिहून घेतले, शाळेत हजेरी घेत तसे. नववा डबा निम्माच भरला होता. शेवटचा हप्ता घ्यायला तो माणूस आला तेव्हा वडिलांनी काही न बोलता वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने आकडा पाहिला, पिशवीतून पाना काढला आणि मेथीच्या वाफ्याकडे गेला.