उघड्या फायलींची मर्यादा: आकडा आला कुठून?

मंडळी, समजा आपल्या शिरवळच्या एखाद्या कारखान्यातला सर्व्हर भरदुपारी अडला आणि पडद्यावर आलं, 'टू मेनी ओपन फाइल्स'. डिस्कवर जागा आहे, मेमरी शिल्लक आहे. मग अडलं कुठं?

उत्तर इतिहासात आहे. प्रोग्रॅमने फाइल उघडली की कर्नल तिला क्रमांक देतो. 1975 च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एका प्रोसेसला असे 15 क्रमांक मिळत, 1979 च्या सातव्या आवृत्तीत 20. मेमरीच तुटपुंजी होती हो! पुढे 1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये नेटवर्कची जोडणीही याच क्रमांकांत आली. म्हणजे जोडलेला प्रत्येक ग्राहक एक उघडी फाइल झाला.

आज मेमरी मुबलक आहे, तरी लिनक्सवर बहुधा 1024 च का? कारण 'सिलेक्ट' ही जुनी सोय तेवढेच क्रमांक धरते. पुढचा दिला तर प्रोग्रॅम भलत्याच मेमरीत लिहू शकतो. म्हणून 2018 मध्ये सिस्टिमडीने कमाल मर्यादा 5,24,288 केली, पण चालू मर्यादा 1024 वरच ठेवली. ज्याला गरज, त्याने मागून घ्यावी.

तेव्हा आकडा वाढवण्याआधी 'एलएसओएफ' चालवून कोण काय उघडं ठेवतंय ते पाहा. काम संपल्यावर संख्या उतरत असेल, तर खुशाल वाढवा; मात्र सर्व्हिसची मर्यादा तिच्या युनिट फायलीत लिहा, टर्मिनलमधला 'युलिमिट' तिला लागू होत नाही. संख्या उतरतच नसेल, तर दोष मर्यादेचा नाही, फायली बंद न करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. तिथं आकडा वाढवून दुखणं फक्त लांबतं.