पाणचक्की व खडकीचे नळ

जगांतील नवलाचीं स्थळें वर्णन करणाऱ्या पुस्तकांत औरंगाबादच्या पाणचक्कीस बहुधा एखादा परिच्छेद मिळतो. खाम नदीच्या कांठीं, महमूद दरवाज्यालगत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत उंच भिंतीवरून पाणी हौदांत कोसळतें. आणि माणसाच्या वा बैलाच्या श्रमावांचून फिरणारें जातें तेथें दाखविलें जातें. पूर्वीं त्यावर फकिरांकरितां व यात्रेकरूंकरितां दळण होत असे. प्रेक्षक तें पाहून तृप्त होतो व परत फिरतो. पाणी येतें कोठून, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच, तर “मलिक अंबरानें आणलें” हें उत्तर तयार असतें. या उत्तरांत दोन निरनिराळ्या शतकांचीं दोन कामें एकत्र झालीं आहेत. तीं वेगळीं करून दाखवावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मलिक अंबराचें काम पाहूं. हा हबशी पुरुष गुलाम म्हणून विकला जाऊन दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्यानें १६१० च्या सुमारास खडकी या खेड्याच्या जागीं आपली राजधानी वसविली. मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या मराठे सरदारांच्या वस्त्यांवरून मालपुरा, खेलपुरा, परसपुरा व विठापुरा हीं नांवें पडलीं असें सांगतात. तें मानल्यास हें शहर आरंभापासूनच मराठे मंडळींच्या पायाखालचें होय. शहराच्या नांवाची कथा तर सर्वश्रुतच आहे : १६२६ त मलिक अंबर वारल्यावर पुत्र फत्तेखानानें त्यास फत्तेनगर म्हटलें, १६५३ त औरंगजेबाच्या सुभेदारींत औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून तें छत्रपती संभाजीनगर आहे.

नव्या राजधानीची मुख्य अडचण पाण्याची होती. नदीस बारमाही भरंवसा नाहीं, आणि जमीन खडकाळ. मलिक अंबरानें नदीला बांध घालण्याऐवजीं उत्तरेकडील डोंगरउतारांत मुरलेलें पाणीच जमिनीच्या पोटांत गांठलें. माणूस उभा राहून चालूं शकेल एवढा उंच, चुन्यांत बांधलेला बोगदा त्यानें खोदविला. बाजूंच्या भूस्तरांतून पाझरणारें पाणी त्यांत जमा होई आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहत येई. साफसफाईसाठीं व हवेसाठीं ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेविलेलीं होतीं. पुणेकर वाचकास कात्रजच्या नळाचे उच्छ्वास आठवतील. परंतु नानासाहेब पेशव्यांचें तें काम सव्वाशें वर्षांहून नंतरचें, आणि तेथें पाण्याचा सांठा तलावांत आहे. खडकीच्या नळाचें मूळच भूगर्भांत आहे, हा भेद महत्त्वाचा.

ही युक्ति मलिक अंबराची एकट्याची नव्हे. इराणांत तिला कनात वा कारेझ म्हणतात व ती फार प्राचीन आहे. आपल्याकडे बीदरलाही कारेझ आढळतो. बऱ्हाणपुरास सुमारें शंभर कुंड्यांची ओळ असलेला ‘कुंडी भंडारा’ १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानच्या आश्रयानें झाला. हा खानखानान म्हणजे दक्षिणेंत मलिक अंबराशीं झुंजणारा मोंगलांचा सेनापति. याच खानखानानचा पुत्र शाहनवाजखान यानें १६१६ त रोशनगांवच्या लढाईंत मलिक अंबराचा मोड केला आणि मोंगल फौजेनें खडकी जाळली. बाप एका शहरास पाणी पाजीत होता आणि मुलगा दुसऱ्यास आग लावीत होता! पुढें १६२१ त शहाजहानाच्या स्वारींत खडकी पुन्हां उजाड झाली. वाडे व मशिदी पडल्या, बाजार जळाला. पण नळ जमिनीखालीं असल्यामुळें त्याचा मूळ लाभ नष्ट करणें आक्रमकांस साधलें नाहीं. दोनदां जळलेल्या गांवाचीच औरंगजेबानें सुभ्याच्या मुख्य ठाण्याकरितां निवड केली, यास इतर कारणें असतीलच. तथापि तयार पाणी हें त्यांतील लहान कारण नसावें, असें आमचें मत आहे.

आतां पाणचक्की. तिचा नळ निराळा. तो दोन-अडीच कोसांवरील झऱ्यापासून मातीच्या नळ्यांनीं येतो. उगम उंचावर असल्यामुळें पाणी दर्ग्याजवळच्या उभ्या भिंतींत आपोआप वर चढतें, आणि तेथून खालीं सुटल्यावर त्याच्या झोतानें पात्यांचें चाक फिरतें. चाकाचा उभा दांडा सरळ वरच्या तळीस फिरवितो; दांतेरी चाकांचा खटाटोप मधें नाहीं. हिमालयांतील घराट याच जातीचे. दर्ग्यांतील संत मूळचे बुखाऱ्याकडील नक्षबंदी. तेव्हां तिकडील कसब त्यांच्या मंडळीबरोबर आलें असावें, हा तर्क असंभाव्य नाहीं. हौदाची रचनाही कौतुकास्पद आहे : त्याचा तळ हेंच खालच्या खांबांवरील विस्तीर्ण दालनाचें छत. उन्हाळ्यांत तेथें बसणाऱ्यास पाण्याखालीं बसल्याचा गारवा मिळतो.

काळाविषयीं मात्र घोटाळा आहे. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या पदरचा तुर्कताजखान यानें १६९५ त हें काम केलें व वीस वर्षांनीं जमील बेगखानानें लांबट हौद जोडला, असें एक परंपरा सांगते. दुसरी १७४४ हें साल देते. १६९५ त आसफजाह चोवीस वर्षांचा होता. ‘निजामुल्मुल्क’ ही पदवी त्यास १७१३ त व ‘आसफजाह’ ही १७२५ त मिळाली. मागाहून मिळालेल्या पदव्या पूर्वीच्या प्रसंगांस चिकटविण्याची बखरकारांची संवय सर्वांस ठाऊक आहे. म्हणून एवढ्यावरून १६९५ सपशेल खोटें ठरवितां येत नाहीं. शिवाय त्याचा बाप गाजीउद्दीनखान फिरोजजंग हयात होता, आणि शाह मुसाफिरांचे गुरु बाबा पलंगपोश याच फिरोजजंगाच्या लष्कराबरोबर फिरत. तेव्हां तुर्कताजखान त्या वेळीं बापाच्या तुराणी परिवारांतला असूं शकेल. उलटपक्षीं, शाह मुसाफिर १७१५ त निवर्तले आणि तक्याचा मोठा विस्तार त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांच्या काळांत झाला. या शाह महमुदांनींच दोघा संतांचें ‘मलफूजात’ लिहिलें. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, तक्याची वस्ती व पाण्याची पहिली व्यवस्था पहिल्या सालाच्या आसपासची, आणि चक्की व हौद यांचें आज दिसणारें पूर्ण रूप आसफजाहाच्या अखेरच्या वर्षांतील, म्हणजे १७४४ च्या सुमाराचें असावें. कोणतेंही साल धरलें तरी मलिक अंबरास वारून तेव्हां निदान एकुणसत्तर वर्षें लोटलीं होतीं. त्याची स्वतःची कबर खुलताबादेस आहे.